सायकलीची वाटणी

आमच्या चांदीपला एक सायकल भंगारात जायला तीन पिढ्या लागतात. पहिली पिढी ती चालवते, दुसरी ती दुरुस्त करत राहते आणि तिसरी तिचे सुटे भाग घरभर कामाला लावते. एवढं होऊनही काही उरलंच, तर भंगारवाल्याची पाळी येते. तोही बिचारा काटा बाहेर काढायच्या आधी दोनदा विचारून घेतो, ‘‘नक्की द्यायचंय ना?’’ कारण मागच्या खेपेला याच घराने सकाळी विकलेला चिमटा संध्याकाळी परत मागून नेलेला असतो.

ज्यांना चांदीप माहीत नाही, म्हणजे चांदीपकर सोडून सगळ्यांना, त्यांच्यासाठी थोडा पत्ता. अहमदाबाद महामार्गावर शिरसाड फाट्याला वळायचं आणि अंबाडी-वज्रेश्वरीचा रस्ता धरायचा. मांडवीच्या अंगाने पुढे आमचं गाव. दक्षिणेला तुंगारेश्वरचा डोंगर, आजूबाजूला भातशेती, वीटभट्ट्या आणि पाडे. पत्त्यात मात्र वसई-विरार लिहायचं. त्यामुळे पाहुण्यांची समजूत होते, की लोकलमधून उतरलं की समोर चांदीप. मग ते स्टेशनाबाहेरून फोन करतात आणि आम्ही त्यांना धीर देतो.

मी अर्धा तिथला आणि अर्धा विरारचा. घर आणि शेत चांदीपला भावाकडे, नोकरी आणि हप्ते विरारला माझ्याकडे. त्यामुळे जुन्या सायकलीचं काय करायचं, या विषयावर दोन्हीकडची मतं मला ऐकावी लागतात. विरारचं मत सोसायटीच्या फळ्यावर असतं : ‘जिन्याखालील सायकली आठ दिवसांत हटवाव्यात, अन्यथा सोसायटी जबाबदार राहणार नाही.’ कशाला जबाबदार राहणार नाही, हे कुठल्याही सोसायटीने आजवर सांगितलेलं नाही. सायकलीही हटत नाहीत. फळ्यावरचा खडू पुसट होतो, तेव्हा सेक्रेटरी तो पुन्हा गिरवतात आणि आठ दिवस नव्याने सुरू होतात.

त्या जिन्याखाली एकदा वाकून बघा. वाढदिवसाला आणलेली, पुढे टोपली असलेली गुलाबी सायकल. तिची मालकीण आता कॉलेजला जाते. तिच्या अंगावर रेललेली एकवीस गिअरची सायकल. त्यातले तीनच गिअर कधी पडले, बाकीचे अठरा कुमार राहिले. लॉकडाऊनमध्ये पोट कमी करण्यासाठी घेतलेली एक. पोट आहे तिथेच आहे, सायकल मात्र बारीक दिसू लागली आहे. या सगळ्यांचा आजार एकच, हवा गेली. तेवढ्यावरून त्यांचा मृत्यूचा दाखला लिहून झाला. हवेसारखी फुकट गोष्ट भरायची राहिली म्हणून हजारोंची वस्तू आडवी करावी, ही शहरी श्रीमंती चांदीपला परवडणारी नाही.

आमच्या घरातली मूळ सायकल आजोबांची. काळी, बावीस इंची फ्रेमची, अठ्ठावीस इंची चाकांची, दांडेवाली. वजन वीस किलोच्या आसपास. म्हणजे रिकामी उचलली तरी कष्ट केल्याचं समाधान मिळायचं. ती त्यांना लग्नात मिळाली. त्या काळी घड्याळ, रेडिओ आणि सायकल ही आंदणाची त्रिमूर्ती होती. सासऱ्यांनी घड्याळ आणि रेडिओला बगल देऊन सायकलीवर भागवलं. आजी म्हणायची, ‘‘मला दिली नि सायकल दिली. दोघींनी मिळून ह्यांचा संसार ओढला.’’ यात तक्रार किती आणि अभिमान किती, हे तिने कधी वेगळं करून सांगितलं नाही.

ओढला मात्र खरा. भात गिरणीला, पेंढ्याचे भारे गिऱ्हाइकाकडे, पावसाळ्याच्या तोंडाला शेवळं आणि नंतर काकड्या विरारच्या बाजारात. एक काका दांड्यावर, आत्या कॅरिअरवर, आणि हँडलला डबा, पिशवी, कधीकधी पाय बांधलेला कोंबडा. हा सगळा लवाजमा घेऊन आजोबा शिरसाडकडे निघाले, की समोरून येणारी एसटी बाजूला व्हायची, असं ते सांगत. एसटीवाल्यांची बाजू ऐकायला आता कुणी उरलेलं नाही.

तेव्हा सायकलीच्या कंपनीवरून घराणी ओळखली जायची. हिंदवाले जरा जुने आणि मानाचे. त्यांचा कारखाना स्वातंत्र्याच्याही आधी मुंबईत वरळीला निघालेला. अ‍ॅटलास सोनिपतची, १९५१ची. हीरो लुधियानाची, १९५६ची. ती मागून आली आणि सगळ्यांच्या पुढे गेली. आमची कुठली होती, यावर घरात अजून एकमत नाही. पुढचा बिल्ला पडला तेव्हा आजोबांनी त्या जागी दुसऱ्याच सायकलीचा बिल्ला ठोकला, आणि पुढे रंग देताना तोही काळा झाला. तेव्हापासून ती सर्वधर्मसमभावी झाली. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा मोठा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. ३ जून हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक सायकल दिवस. कारखाना गेला, सायकली राहिल्या. आमच्या बाजूच्या वीटभट्टीवर सकाळी दोन-तीन अ‍ॅटलास अजून उभ्या असतात. मालक मेला हे त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही.

सायकल इतकी टिकते ती काही नुसत्या लोखंडाच्या जाडीमुळे नाही. इंग्लंडात जॉन केंप स्टार्लीने १८८५ मध्ये दोन जवळजवळ सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन लावलेली ‘रोव्हर’ काढली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, तरी सायकलीचा मूळ सांगाडा बदललेला नाही. आपल्याकडच्या काळ्या दांडेवालीने तर बदल म्हणून करायचाच नाही, असं व्रत घेतलेलं. पुढच्या चाकात ३२ आरे, मागच्या चाकात ४०. कारण भार मागे. हा इंग्रजी हिशेब इकडे आला तो कायमचा राहिला. त्यामुळे १९७० सालच्या चाकात परवा आणलेला आरा बसतो, अ‍ॅटलासच्या चिमट्यात हीरोचं चाक बसतं आणि कुणाचंही पायडल कुणालाही चालतं. माझ्या फोनचा चार्जर मात्र माझ्याच आधीच्या फोनला बसत नाही. प्रगती झाली आहे, नाही कोण म्हणतो?

आजोबा गेल्यावर शेताची वाटणी झाली, आणि खरा पेच सायकलीने घातला. तोवर थोरल्या काकांनी त्या सायकलीची चाकं, सीट आणि घंटी काढून आपल्या फ्रेमवर चढवली होती, कारण त्यांची चाकं खड्ड्यांत गेली होती. (शिरसाड-अंबाडी रस्त्याने आजवर किती चाकं खाल्ली, याचा हिशेब रस्त्यालाच ठाऊक.) धाकट्या काकांनी उरलेल्या मूळ फ्रेमवर नवी चाकं, नवी सीट घातली. मग ‘बाबांची सायकल’ कुणाची? फ्रेमवाला म्हणे, फ्रेम म्हणजे सायकल. चाकवाला म्हणे, बाबा काय फ्रेमवरून गावाला जायचे? चाकांवरून जायचे. वाटणीला बसलेल्या चार माणसांनी चहा दोनदा घेतला. गुंठे झाले, विहीर झाली, आंब्याचं झाड झालं, सायकल काही सुटेना. शेवटी आतून आजीचा आवाज आला, ‘‘त्यांची सीट जिच्यावर, ती त्यांची. बाकी लोखान हाय.’’

चाळीस वर्षं एकाच माणसाला वाहून ती कातड्याची सीट खरोखरच त्यांच्या मापाची झाली होती. तिच्यावर दुसरा कुणी बसला, की तो डावीकडे घसरायचा. आजोबा डाव्या अंगावर जरा जास्त बसत. थोरल्या काकांनी निकाल मान्य केला आणि उरलेलं आयुष्य डावीकडे घसरत काढलं.

त्यापुढचा इतिहास सुट्या भागांचा आहे. धाकट्या काकांच्या सायकलीचं पुढचं रिम वाकलं, तेव्हा ते विहिरीवर चढलं. टायर उतरवलेल्या रिमला जी खाच असते, तिच्यात दोर इतका नेमका बसतो, की ती खाच मुळात रहाटासाठीच केली होती, असं वाटावं. दुसरं एक रिम आडवं टांगून त्यावर कपडे वाळतात. मडगार्डाची पन्हळ झाली. पागोळ्यांचं पाणी त्यातून केळीच्या बुंध्याशी जातं. घंटी दाराच्या चौकटीवर आहे आणि अजून वाजते. पाहुणा नवीन असला, की घंटी वाजवून आपसूक बाजूला होतो. ट्यूबचं तर काही विचारू नका. पट्ट्या कापल्या, की भारा बांधायला, मोटरसायकलवर पोतं आवळायला, नळाची गळती थांबवायला, गलोलीला. एका ट्यूबवर पोरांच्या दोन उन्हाळ्यांची बेगमी होते आणि कैऱ्यांच्या मालकांचे दोन उन्हाळे खराब होतात. छर्रे गोट्यांत गेले. आऱ्याच्या टोकाच्या पितळी टोपणात काडीचं गुल भरून दगडावर आपटलं, की दिवाळी. हे सगळं कुणी कुणाला शिकवलेलं नाही. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आइस्क्रीमच्या काड्यांचं घर करताना ऐकायचं. घरी मुळात टाकाऊ म्हणून काही बाजूला पडतच नव्हतं.

फाट्याकडे रस्त्याला ताडपत्री लावून बसलेले आमचे मिस्त्रीकाका या शास्त्रातले अधिकारी पुरुष. पंक्चर काढणं आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण त्यांचं बघत बसावं. दोन पट्ट्यांनी टायर उचकटला, की ट्यूब आतड्यासारखी बाहेर येते. तिच्यात हवा भरून पाण्याच्या घमेल्यातून ती हळूहळू सरकवत नेतात. बुडबुडे दिसले, की तिथे अंगठा. दुसऱ्या हाताने ट्यूब पुसायची, कानस फिरवायची, सोल्युशन लावायचं आणि फुंकर घालत ते सुकेपर्यंत समोरच्याच्या घरची चौकशी करायची. मुलीचं जमलं का, भात किती झालं. चौकशी संपते तेव्हा सोल्युशन बरोबर चिकटण्याइतकं सुकलेलं असतं. घाई करणाऱ्याचं ठिगळ सुटतं. आणि ते ठिगळ येतं कुठून? शेजारच्या डब्यात मेलेल्या ट्यूबचे गोल कापलेले तुकडे असतात, त्यातून. एका सायकलीची ट्यूब अशी वीस-तीस सायकलींच्या अंगात जाऊन बसते. आमच्या पट्ट्यातल्या यच्चयावत सायकली या नात्याने एकमेकींच्या सख्ख्या आहेत.

चाकाचा आऊट काढताना तर ते बोलतही नाहीत. सायकल उलटी उभी करतात, चाक फिरवतात आणि रिमजवळ खडूचा तुकडा धरतात. जिथे रिम बाहेर आलेलं, तिथे पांढरी रेघ उमटते. मग एका बाजूचा आरा ढिला, समोरचा घट्ट. पुन्हा फिरव, पुन्हा खडू. रेघ लांब होत जाते, मग पुसट, मग नाही. ‘‘चाक सरळ असतं ते बेचाळीस बाजूंनी ओढलं म्हणून,’’ ते म्हणतात. आरे चाळीस, मग बेचाळीस कसे, असं मी विचारलं. ‘‘दोन तुझ्यासारख्यांचे, विचारणाऱ्यांचे.’’

वापरलेल्या सायकलीचा माझ्या मते सर्वांत मोठा मान शेतात झाला, आणि तो आमच्याकडे नाही, जळगाव जिल्ह्यात. शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांना बैलजोडी परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी जुन्या सायकलीचं पुढचं चाक, चिमटा आणि हँडल घेतलं, मागे कोळप्याची पास जोडली आणि सायकल कोळपं तयार केलं. हँडल धरून पुढे ढकलत जायचं. चाक वाट धरतं, पास तण कापते. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांच्या या अवजाराची दखल घेतली. आता मराठवाडा-विदर्भात गावोगावचे वेल्डर अशी कोळपी करून देतात, कपाशी-सोयाबीनच्या ओळींतून ती फिरताना दिसतात. बैलाला दाणा लागतो, पाणी लागतं, पोळ्याला पुरणपोळी लागते. याला थोडं तेल पुरतं. अर्थात पोळ्याला सायकल कोळप्यालाही हळदकुंकू लावणारी घरं असणार. आपल्या माणसांचा भरवसा देता येत नाही.

आमच्या भावाने ते बघून मूळ फ्रेममधून एक कोळपं करवून घेतलं. भाताच्या चिखलात ते काही कामाचं नाही. पहिल्याच दिवशी रुतून बसलं आणि बगळ्यांना बसायला सोय झाली. पण भात निघाल्यावर भेंडीच्या आणि वालाच्या ओळींतून बरं चालतं. धाकटे काका बांधावर बसून ते बघतात आणि अजून म्हणतात, ‘‘फ्रेम म्हणजेच सायकल.’’ आता त्या अवजारात फ्रेमही उरलेली नाही, नुसता चिमटा आहे. पण वयोवृद्ध माणसाशी किती वाद घालायचा?

पुण्याला कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. २०१७ मध्ये सुरू झालेलं. जुन्या, दुर्मिळ सायकली, दिवे, पंप, घंट्या, सगळं प्रेमाने पुसून-तेलून ठेवलेलं. जरूर बघावं असं. मी भावाला घेऊन गेलो. तो प्रत्येक सायकलीपुढे हात मागे बांधून उभा राहिला, एका जुन्या कार्बाइडच्या दिव्यापाशी बराच वेळ रेंगाळला आणि बाहेर पडताना म्हणाला, ‘‘एवढ्यात आपल्या पाड्यांवरच्या दोन वर्गांची सोय झाली असती.’’ तो संग्रहालयाचा दोष नाही. ज्याच्या गावात पोरं शाळेला पायी जातात, त्याला उभी सायकल बघवत नाही, इतकंच.

पोरं खरोखर पायी जातात. पाड्यावरून पुढच्या वर्गाची शाळा लांब पडते. रिक्षा मिळाली तर भाडं नसतं, भाडं असलं तर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही. आठवी-नववीला नाव गळतं ते बहुतेक इथेच, आणि मुलींचं आधी. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे त्याचा हिशेब मांडला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं आणि शाळा दूर असलेल्या गावांतच ही वाढ मोठी होती. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. शिक्षणावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत आणि दोन-चार केलीही आहेत. दोन चाकांइतका परिणाम त्यातल्या एकाचाही झालेला नाही.

मग विरारच्या जिन्याखालचं आणि चांदीपच्या पाड्यावरचं हे गणित जुळवायला अडचण काय? काहींनी ते जुळवलंही आहे. मुंबईचे सायकलस्वार हेमंत छाब्रा यांनी शहरात पडून असलेल्या सायकली गोळा करून, दुरुस्त करून आमच्याच पालघर जिल्ह्यात गुंदले गावच्या आदिवासी शाळकरी मुलांपर्यंत पोचवण्याचा ‘सायकल रीसायकल’ हा उपक्रम सुरू केला. इंग्लंडातली ‘री-सायकल’ नावाची संस्था तर कित्येक वर्षांपासून जुन्या सायकली कंटेनर भरभरून आफ्रिकेत पाठवते. तिकडून समुद्र ओलांडून सायकल घानापर्यंत जाते. विरार पश्चिमेची सायकल रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला येत नाही.

तरी आमच्या इमारतीतून काही सायकली मी चांदीपला नेल्या. देणाऱ्यांचं कौतुक असं, की चार वर्षं जिन्याखाली धूळ खाणाऱ्या सायकलीला टेम्पोत चढवताना एकेकाचा जीव कासावीस झाला. ‘‘हिला जपा हं,’’ असं एक काकू म्हणाल्या. जपायला तिच्यात चेनही शिल्लक नव्हती. एका काकांनी सायकल दिली, पण कुलूप ठेवून घेतलं आणि दोन दिवसांनी फोन करून किल्ली मागितली.

मिस्त्रीकाकांनी त्या सायकली रांगेत उभ्या करून डॉक्टर राउंडला निघतो तशी फेरी मारली. गिअरच्या सायकलीपुढे थांबले. मागच्या चाकापाशी लोंबणारं ते गिअरचं यंत्र दोन बोटांत धरून हलवलं. ‘‘हे पाड्यावर नेलं तर पहिल्या पावसात चिखल खाईल, दुसऱ्यात तुटेल. सुटा भाग विरारला मिळेल, तोही मिळालाच तर.’’ मग पान्याने ते उतरवलं, वायर काढल्या, चेन कापून आखूड केली आणि एका चकतीचं साधं फ्रीव्हील बसवलं. एकवीस गिअरची सायकल अर्ध्या तासात एक गिअरची झाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चालली. पुढचे शॉकअप गंजून आखडले होते. ते राहू दिले. टायर दोन्ही बदलले, कारण न चालवता उभ्या राहिलेल्या सायकलीचं रबर आधी तडकतं. ब्रेकचे गुटके नवे. बाकी तेल, खडू, कानस. जिन्याखालच्या मृतांपैकी मिस्त्रीकाकांनी खरोखर मेलेली म्हणून बाजूला काढली ती एकच, आणि तिचीही चाकं काढून घेतली.

गुलाबी, टोपलीवाली सायकल सहावीतल्या एका मुलाच्या वाट्याला आली. आम्हाला वाटलं, पोरगा हिरमुसेल. त्याने ती डोक्यापासून पायापर्यंत बघितली, टोपली हलवून बघितली आणि म्हणाला, ‘‘हीत मासं राहतील.’’ पावसाळ्यात ओहोळाला वलगणीचे मासे चढतात तेव्हा ती टोपली भरलेली असते आणि त्या सायकलीला कुणी मुलींची म्हणायला धजत नाही. वास हा मोठा समतावादी आहे.

आणि मग शेवट. तोही येतोच, फ्रेमचा सांधा तुटतो, वेल्डिंगवर वेल्डिंग बसत नाही. मग किलोचा भाव. आमच्याकडचं भंगार वसई फाट्याच्या गोदामांतून फिरत फिरत भट्टीला जातं. वाड्याला लोखंड वितळवून सळया ओढणारे कारखाने पुष्कळ आहेत. लोखंडाचं एक बरं आहे, कितीही वेळा वितळवलं तरी ते लोखंडच राहतं, आणि खनिजापासून नवं करण्यापेक्षा भंगारातून करायला इंधन खूपच कमी लागतं. म्हणजे आजोबांच्या सायकलीच्या एखाद्या दांड्याची सळई होऊन ती विरारच्या कुठल्याशा सतरा मजली इमारतीच्या स्लॅबमध्ये गेली असण्याची शक्यता आहे. त्या इमारतीच्या जिन्याखाली पुन्हा सायकली आहेतच. टायरचं मात्र असं होत नाही. गंधक घालून पक्कं केलेलं रबर परत मऊ होत नाही. ते बंद भट्टीत तापवून तेल काढणारे कारखानेही वाड्याच्याच बाजूला आहेत, आणि त्यांच्या धुरावरून तिथल्या गावांची ओरडही आहे. त्यामुळे टायर जितका रस्त्यावर झिजेल तितका बरा. सायकल चालवून झिजवणं हीच तिची खरी विल्हेवाट, असं माझं स्पष्ट मत आहे. सजावटवाल्यांनी जुन्या सायकलीला सोनेरी रंग देऊन तिच्यावर कुंड्या ठेवायची जी चाल काढली आहे, ती मला बघवत नाही. धडधाकट चाकांना मातीत पुरून वर पिटुनिया लावायचा, हा कसला सन्मान?

तेव्हा वाचकहो, जिन्याखाली किंवा गॅलरीत तुमचीही एखादी उभी असेल, तर एवढंच करा. टायर तडकायच्या आत ती देऊन टाका. जमलं तर साधी, बिनगिअरची द्या. गिअरची असेल तर आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीकडून गिअर उतरवून, ब्रेक बघून द्या. ‘चालू आहे’ असं सांगण्याआधी स्वतः बसून कोपऱ्यापर्यंत जाऊन या. कुलूप दिलंत तर किल्लीही द्या. आणि सायकलीबरोबर एक हातपंप, सोल्युशनची ट्यूब आणि जुन्या ट्यूबचे चार तुकडे पिशवीत घालून जरूर द्या. पाड्यावर पंक्चरचं दुकान नसतं.